सहलीच्या वाटेवरची स्टेडियमे दाखवणारे सॉफ्टवेअर: अंतर नव्हे, वेळ मोजा

अमळनेर तालुक्यातील एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या सहली आणि संघांचे स्पर्धादौरे आखताना वाटेवर किंवा मुक्कामाच्या गावाजवळ कोणती स्टेडियमे, क्रीडा संकुले व मैदाने आहेत, हे दाखवणारे एक छोटे सॉफ्टवेअर त्यांना आपल्या माजी विद्यार्थ्याकडून करून घ्यायचे आहे. विद्यार्थ्याने पहिला नमुना केला आहे. त्यात गावाचे नाव टाकले की स्टेडियमांची यादी अंतराच्या क्रमाने येते. पण ती यादी पाहून कोणती सहल आखावी हे काही ठरत नाही. माहिती कोठून घ्यावी, अंतर कसे मोजावे आणि हे सारे फुकट मिळणाऱ्या साधनांवर उभे राहील का, असे त्यांनी विचारले आहे.

सर, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: आपल्या गरजेइतके साधन विनामूल्य साहित्यावर उत्तम उभे राहते. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र सविस्तर उत्तर हवे. नकाशांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि माझे ठाम मत असे आहे की, अशा साधनाचे यश पडद्यावरच्या नकाशाच्या देखणेपणावर नसते. ‘जवळ’ म्हणजे काय हे आपण कसे ठरवतो आणि प्रत्येक मैदानाची नोंद किती खरी आहे, या दोन गोष्टींवर ते ठरते.

विद्यार्थ्याच्या नमुन्यात अंतर बहुधा हॅव्हरसाइन सूत्राने काढलेले असावे. पृथ्वी गोल मानून, तिची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून, दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून हे सूत्र सरळ रेषेतले अंतर देते. या सूत्राने अमळनेरहून नाशिक सुमारे १७५ किलोमीटर, इंदूरचे होळकर स्टेडियम सुमारे २०५, सुरतचे लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम सुमारे २३५, पुण्याजवळचे गहुंजे सुमारे ३००, मुंबईचे वानखेडे सुमारे ३३० आणि अहमदाबादचे मोटेरा सुमारे ३४० किलोमीटर येते. आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांवरून लावलेला क्रम प्रवासाला निरुपयोगी आहे.

इंदूर आणि सुरत यांचेच पाहा. यादीत इंदूर तीस किलोमीटरने जवळ आहे. प्रत्यक्षात अमळनेरहून इंदूरला जायचे तर आधी मुंबई-आग्रा महामार्ग गाठावा लागतो, तापी ओलांडून शिरपूर मागे टाकावे लागते, पळासनेरनंतर बिजासन घाट चढून सेंधव्याला पोहोचावे लागते, पुढे खलघाटाला नर्मदा ओलांडावी लागते आणि शेवटी विंध्याची चढण चढून माळव्याच्या पठारावर यावे लागते. घाटात एखादा अवजड ट्रक बंद पडला की तासाचा हिशेब तेथेच कोलमडतो. उलट सुरत-भुसावळ लोहमार्ग अमळनेर स्थानकातूनच जातो. मुलांना गाडीत बसवले की नंदुरबार, नवापूर करीत ती थेट सुरतेला उतरतात. स्वतःची बस नसलेल्या शाळेला सुरत जवळ आहे आणि इंदूर लांब. खासगी बस ठरवलेल्या मंडळासाठी हाच निकाल बदलू शकतो. म्हणून साधनाने पहिल्याच पडद्यावर प्रवासाचे वाहन विचारले पाहिजे आणि त्यानंतरच यादी दिली पाहिजे.

पुणे-मुंबईचेही तसेच आहे. गहुंजेचे स्टेडियम २०१२ साली सुरू झाले आणि ते पुणे शहरात नसून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, शहराबाहेर आहे. रेल्वेने पुण्याला उतरलेल्या संघाला तेथे पोहोचायला शहर ओलांडून आणखी बराच प्रवास करावा लागतो. वानखेडे मात्र चर्चगेट स्थानकापासून पायी जाण्यासारखे आहे. आपल्याकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या जळगाव, चाळीसगाव मार्गे जातात, तशी खान्देश एक्सप्रेस अमळनेर, नंदुरबार, सुरत मार्गे मुंबईला जाते. ती रोज नसते, म्हणून सहलीची तारीख ठरल्याशिवाय तिचा उपयोग साधनाने धरू नये. सरळ रेषेत तीस किलोमीटरने अधिक लांब असलेले वानखेडे अशा रीतीने गहुंजेपेक्षा सोपे ठरते. स्थानक किंवा बसस्थानकापासून फाटकापर्यंतचा हा शेवटचा टप्पा प्रत्येक नोंदीत वेगळा लिहून ठेवावा, कारण चाळीस-पन्नास मुले बरोबर असताना सर्वांत जास्त खोळंबा तेथेच होतो.

याचा अर्थ हॅव्हरसाइन टाकून द्यावे असा नाही. रस्ता सरळ रेषेपेक्षा कधीच लहान असू शकत नाही, या साध्या गोष्टीमुळे ते सूत्र पहिल्या चाळणीसाठी निर्धोक आहे. रस्त्याने १०० किलोमीटरच्या आतली मैदाने हवी असतील, तर सरळ रेषेत १०० च्या पलीकडे असलेली सर्व निःशंकपणे वगळता येतात. त्यात हवे ते एकही मैदान गळत नाही. उरलेल्या मोजक्या ठिकाणांसाठीच रस्त्याचा हिशेब करावा. नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएस ही नकाशावरील ठिकाणे हाताळणारी जोडणी बसवून ठेवल्या, तर ही चाळणी मीटरमध्ये अंतर देऊन एका ओळीत लागते. आपल्या नोंदी काही शेच असतील, तेव्हा फोनमधील एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेससुद्धा पुरेसा आहे.

रस्त्याच्या हिशेबासाठी ओएसआरएम, व्हॅलहल्ला आणि ग्राफहॉपर ही मार्ग व वेळ काढणारी तीन मुक्त इंजिने उपलब्ध आहेत. तिन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मुक्त नकाशातील रस्त्यांवर चालतात आणि आपल्या संगणकावर बसवता येतात. तापीच्या दोन काठांवरची गावे नकाशावर समोरासमोर दिसली, तरी पूल असेल तेथूनच पलीकडे जाता येते. नंदुरबारहून शहाद्याला निघालेली गाडी प्रकाशाच्या पुलावरूनच जाते. इंजिनाला हे कळते, हॅव्हरसाइनला कळत नाही. मात्र इंजिन जो वेळ देते तो सहसा मोटारीचा असतो. एसटीचा किंवा भरलेल्या सहलीच्या बसचा वेळ त्याहून जास्त असतो, आणि घाटात तर फारच जास्त. शाळेच्या मागील सहलींच्या नोंदवहीत निघाल्याच्या आणि पोहोचल्याच्या वेळा असतील, तर त्या इंजिनाच्या वेळेशी ताडून पाहाव्यात आणि सपाटीसाठी एक व घाटासाठी दुसरा असे दोन गुणक काढावेत. दुसऱ्या कोणाचा तयार गुणक घेण्यापेक्षा आपल्या बसचा, आपल्या रस्त्यावरचा गुणक कितीतरी भरवशाचा असतो. चहा-नाश्त्याचे थांबे त्यात मिसळू नयेत, ते वेगळे धरावेत.

आता वाटेवरच्या मैदानांकडे येऊ, कारण सहलीच्या साधनाचा खरा उपयोग तेथे आहे. बहुतेक नमुने निघण्याचे गाव आणि पोहोचण्याचे गाव यांच्याभोवती वर्तुळ काढतात आणि मधला सारा रस्ता कोरा सोडतात. त्याऐवजी मार्गाची रेषा घ्यावी, तिच्यावर ठरावीक अंतराने बिंदू घ्यावेत आणि प्रत्येक बिंदूभोवती शोध घ्यावा. दर २० किलोमीटरला एक बिंदू आणि २० किलोमीटरची त्रिज्या ठेवली, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना किमान १७ किलोमीटरचा पट्टा सलग झाकला जातो. पोस्टजीआयएस वापरत असाल, तर रेषेपासूनचे अंतर थेट मागता येते आणि बिंदूंची गरजच उरत नाही.

पट्ट्यात सापडलेल्या मैदानांचा क्रम मात्र रेषेपासूनच्या अंतराने लावू नये. प्रत्येक मैदानासाठी तीन वेळा काढाव्यात: निघण्याच्या गावापासून मैदानापर्यंतची, मैदानापासून मुक्कामापर्यंतची, आणि मैदानावर न थांबता सरळ जाण्याची. पहिल्या दोघींच्या बेरजेतून तिसरी वजा केली की वाट वाकडी करण्याची नेमकी किंमत मिनिटांत मिळते. अमळनेरहून धुळे, मालेगाव, नाशिक मार्गे मुंबईला जाताना नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, जेथे रणजी करंडकाचे सामने झाले आहेत, थोडीच वाट वाकडी करायला लावते. त्याच सहलीत गहुंजे घातले तर दिवसाचा मोठा भाग जातो. वापरणाऱ्याला ‘या थांब्यासाठी इतकी मिनिटे अधिक’ एवढे एक वाक्य दाखवले, तर नकाशा न कळणाऱ्या पालकालाही निर्णय घेता येतो.

माहिती कोठून घ्यावी, या प्रश्नाला माझे उत्तर असे: पाया ओपनस्ट्रीटमॅपचा ठेवावा, मोठ्या स्टेडियमांची क्षमता, जुनी-नवी नावे यांसाठी विकिडेटा हा मुक्त माहितीसंच जोडावा, आणि खान्देशातील मैदानांची नोंद स्वतः करावी. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ‘लेझर’ (leisure) या किल्लीखाली स्टेडियम, पिच, स्पोर्ट्स सेंटर आणि ट्रॅक असे वेगवेगळे प्रकार असतात. केवळ स्टेडियम मागितले, तर आपल्या भागातील बहुतेक मैदाने यादीत येणारच नाहीत, कारण ती पिच म्हणून नोंदलेली असतात किंवा मुळीच नोंदलेली नसतात. नकाशातील निवडक नोंदी देणाऱ्या ओव्हरपास या सेवेतून चारही प्रकार एकदम मागवावेत आणि बिंदू, रेषा व क्षेत्र अशा तिन्ही आकारांत मागवावेत. गूगलची ठिकाणे शोधण्याची सेवा मोठ्या शहरांत चांगली चालते, परंतु तिच्या जवळपासच्या शोधाला ५० किलोमीटर त्रिज्येची मर्यादा आहे, नवीन आवृत्तीत एका मागणीला जास्तीत जास्त २० ठिकाणे मिळतात आणि मिळालेली माहिती आपल्या डेटाबेसमध्ये कायमची साठवण्यास तिच्या अटी परवानगी देत नाहीत. ऑफलाइन चालणाऱ्या साधनासाठी म्हणून ती योग्य नाही.

प्रकारांची विभागणी शिक्षकांनीच करावी, प्रोग्रामरवर सोडू नये. सामना पाहायला जाण्याचे प्रेक्षागृह असलेले स्टेडियम, सरावासाठी मिळू शकणारे क्रीडा संकुल, सर्वांना खुले मैदान, एखाद्या संस्थेचे परवानगीने मिळणारे मैदान आणि कुस्तीचा आखाडा या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. धुळ्याचे गरुड मैदान किंवा जळगावचे सागर पार्क आणि शिवतीर्थ मैदान नकाशावर मोकळी दिसतात, पण अशा मैदानांवर सभा, मेळावे आणि प्रदर्शनेही भरतात. ज्या दिवशी संघ पोहोचेल त्या दिवशी तेथे मंडप उभा असू शकतो. ‘आदल्या दिवशी विचारून घ्या’ असा शेरा अशा नोंदीला जोडलेला असावा. मोठ्या स्टेडियमांचे वेगळेच असते. सामना नसताना आत प्रवेश मिळेलच असे नाही, आणि ब्रेबॉर्नसारखे १९३७ सालचे ऐतिहासिक स्टेडियम तर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे एका क्लबचे आहे. मुलांना बाहेरून इमारत दाखवून परत आणण्याची वेळ येऊ नये, यासाठी प्रवेशाची अट हा रकाना कधीही रिकामा ठेवू नका.

दोन-तीन ठिकाणांहून माहिती आणली की एकच मैदान दोनदा येते, आणि बहुतेक जण अंतराचा नियम लावून अशा नोंदी एकत्र करतात. हा नियम एकटा लावू नये. वानखेडे आणि ब्रेबॉर्न यांच्यात एक किलोमीटरही अंतर नाही; एक किलोमीटरच्या आतल्या नोंदी एकत्र करा असे सांगितले, तर दोन प्रसिद्ध स्टेडियमांचे एकच होऊन बसेल. नागपुरात याच्या उलट आहे. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे जुने मैदान सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि २००८ साली सुरू झालेले नवे स्टेडियम वर्धा रस्त्यावर जामठ्याला आहे. दोघांमध्ये सरळ रेषेतच सुमारे १६ किलोमीटर अंतर आहे. नावे सारखी म्हणून ती एकत्र केली, तर बस चुकीच्या ठिकाणी जाईल. नाव, अंतर आणि मैदानाची सीमारेषा ही तिन्ही जुळली तरच नोंदी एकत्र कराव्यात आणि शंका आली की माणसाने पाहावे. शंभर-दोनशे नोंदी हाताने पाहणे एका दुपारचे काम आहे.

नावांसाठी पर्यायी नावांचा वेगळा तक्ता ठेवा. मोटेऱ्याच्या स्टेडियमला २०२१ पासून नरेंद्र मोदी स्टेडियम हे नाव आहे, तरी लोक मोटेराच शोधतात. दिल्लीच्या फिरोजशहा कोटलाचे २०१९ मध्ये अरुण जेटली स्टेडियम झाले. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही नावांनी एकच शहर सापडले पाहिजे. स्टेडियम आणि स्टेडिअम, क्रीडा संकुल आणि क्रीडासंकुल अशी लेखनभिन्नताही शोधात चालली पाहिजे. मोकळ्या जागांच्या फरकासाठी युनिकोडचे सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर नेहमी एकाच सांकेतिक रूपात आणणे, आणि मोकळ्या जागा काढून केलेली तुलना पुरते; स्टेडियम-स्टेडिअमसारखी वेगळी अक्षरे असलेली रूपे मात्र पर्यायी नावांच्या तक्त्यात घालावीत.

आणखी एक तपासणी पहिल्याच दिवशी लिहावी. ठिकाणांची माहिती साठवण्याच्या जिओजेसन या स्वरूपात आधी रेखांश आणि मग अक्षांश येतो, तर लीफलेटसारख्या नकाशा-लायब्ररीत आधी अक्षांश येतो. अदलाबदल झाली तर साधन तक्रार करत नाही. जळगावचे २१.०१ आणि ७५.५६ हे आकडे उलटे घातले, तर जळगाव नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात जाते, आणि मग ‘जवळ एकही मैदान नाही’ असे उत्तर येते. प्रत्येक नोंदीचा अक्षांश ६ ते ३८ आणि रेखांश ६८ ते ९८ यांच्या आत आहे का, एवढे पाहिले तरी भारतातील ठिकाणांसाठी ही चूक पूर्ण थांबते.

मैदानाची नोंद खरी आहे का, हे पाहण्यात शिक्षकाची नजर सर्वांत उपयोगी पडते. उपग्रहचित्रावर मोजपट्टी लावता येते. ४०० मीटरच्या आठ मार्गिकांच्या प्रमाणित धावपट्टीची बाहेरची लांबी सुमारे १७७ मीटर आणि रुंदी सुमारे ९३ मीटर भरते. चित्रातील लंबगोल याहून बराच लहान भरला, तर तो २०० किंवा ३०० मीटरचा ट्रॅक आहे, आणि ४०० मीटरच्या सरावासाठी संघ तेथे नेण्यात अर्थ नाही. क्रिकेटच्या मैदानाची सीमारेषा पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळपट्टीच्या मध्यापासून ६५ ते ९० यार्डांवर असावी लागते. त्यावरून शाळेचे आवार आणि पूर्ण मैदान यांतला फरक कळतो. कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ गुणिले १० मीटर असते, ते चित्रात सहसा दिसणार नाही, म्हणून कबड्डी आणि खो-खोची माहिती जाऊनच घ्यावी लागते. मॅट आहे की माती, दिवे आहेत का, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, बस आत वळते का, हे प्रश्न कागदावर छापून न्यावेत.

पृष्ठभागाचा रकाना मी आवर्जून सुचवतो. काळ्या कसदार जमिनीवरचे मैदान एका चांगल्या पावसानंतर काही दिवस खेळण्याजोगे राहत नाही, मुरमाचे लवकर सुकते. जून ते सप्टेंबरमधील दौऱ्यासाठी साधनाने काळ्या मातीची मैदाने खाली ढकलावीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सावली आणि सकाळी मैदान उघडण्याची वेळ या दोन गोष्टी अंतरापेक्षा महत्त्वाच्या ठरतात. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा भरते आणि दोंडाईचा-शहादा रस्त्यावर गर्दी होते. अशा चार-सहा ठळक तारखा हाताने नोंदवून ठेवल्या, तर त्या दिवसांत साधन पर्यायी मार्ग सुचवू शकते.

प्रत्येक नोंदीला खात्री केल्याची तारीख असावी. दोन वर्षांपेक्षा जुनी नोंद फिकट रंगात दिसावी आणि तिच्याखाली ‘जाण्यापूर्वी विचारून घ्या’ असे यावे. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ या सातपुड्यातील भागांत मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून मैदानांच्या नोंदी आणि आखलेल्या मार्गाचा नकाशा फोनमध्येच उतरवून ठेवण्याची सोय सुरुवातीपासून करावी. ती नंतर जोडायला जड जाते. मुलांचे ठिकाण सर्व्हरवर पाठवू नये, त्याची येथे गरजच नाही.

ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरताना तिच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख पडद्यावर करणे परवान्यानुसार बंधनकारक आहे. गावाच्या नावावरून अक्षांश-रेखांश देणाऱ्या नॉमिनॅटिम या तिच्या सार्वजनिक सेवेला सेकंदाला एकापेक्षा जास्त मागणी करू नये. गावांची यादी एकदा उतरवून घेतली की पुन्हा विचारावे लागत नाही. आपण स्वतः जाऊन पाहिलेली मैदाने ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावासह जरूर नोंदवा. गूगलच्या नकाशावरून उतरवून मात्र तेथे काहीही घालू नये, ते परवान्यात बसत नाही.

सुरुवात आपल्या तीन जिल्ह्यांपासून करा. जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ असे २५ तालुके होतात. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणचे क्रीडा संकुल, मोठे महाविद्यालयीन मैदान आणि सार्वजनिक मैदान एवढ्या नोंदी आधी पूर्ण कराव्यात. तालुका क्रीडा संकुलाचा फलक असला, तरी आत खेळता येते का, हे तेथील शिक्षकांना फोन करून विचारावे. आंतरशालेय स्पर्धांमुळे आपली ओळख प्रत्येक तालुक्यात असतेच. त्यानंतर नाशिक, सुरत, इंदूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि मुंबई ही शहरे घ्यावीत. विद्यार्थ्याला सांगावे की नकाशाचे रंगरूप शेवटी करू. आधी अमळनेर ते सुरत आणि अमळनेर ते इंदूर या दोन प्रवासांची वेळ साधनाकडून काढून घे आणि ती नेहमी ये-जा करणाऱ्या एखाद्या बसचालकाला दाखव. त्याने सांगितलेल्या वेळेशी ती अर्ध्या तासाच्या आत जुळली, की पुढची शहरे जोडायला हरकत नाही.